टेकडीवरचा रानपिंगळा

नाशिकहून निघण्यापूर्वी माझ्या भाचीने, सईने, गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून मला एक नकाशा दाखवला. पालघर जिल्ह्याला गोवर आल्यासारखा तो दिसत होता. जिथं गडद लाल, तिथं रानपिंगळा हमखास असणार. जिथं गुलाबी, तिथं बहुधा. आणि पांढऱ्या जागी त्याने फिरकूही नये, असा संगणकाचा निकाल होता. रानपिंगळा म्हणजे साळुंकीएवढं, दिवसाढवळ्या हिंडणारं, फार दुर्मीळ असं घुबड. ते पाहायला लोक कुठून कुठून येतात आणि न पाहता परत जातात.

सई एका संस्थेत पीएचडी करते. सजीवांची माहिती गोळा करायची आणि ती साऱ्या जगाला फुकट वाटायची, हे संस्थेचं ब्रीद. संस्थेच्या अतिथीगृहातल्या वायफायचा पासवर्ड मात्र संचालकांच्या सहीशिवाय मिळत नाही, हे मला तिथं एक रात्र काढल्यामुळे माहीत आहे. आता डहाणूत मोठी सभा भरायची होती. तिथं सईचा नकाशा आणि त्यामागची प्रत्येक नोंद, नेमक्या ठिकाणासकट, सगळ्यांना खुली होणार होती. सभेसाठी "सामान्य माणसाला समजेल अशी" मराठी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. सामान्य माणूस म्हणून आधी मला समजावं लागणार, म्हणून सईने मला सोबत घेतलं.

त्र्यंबक मागे पडेपर्यंत तिने समजावलं ते असं: पक्षी जिथं दिसल्याची नोंद आहे तिथलं ऊन, पाऊस, चढउतार, झाडोरा हे सगळं संगणकाला द्यायचं. मग तो तसलंच ऊन, तसलाच पाऊस जिथं सापडेल तिथं रंग भरत जातो. म्हणजे निळ्या फाटकाच्या घरात एक पॉलिसी खपली की विमा एजंट गावातली सगळी निळी फाटकं ठोठावत सुटतो, तसंच. सई म्हणाली, "मामा, हे पुस्तिकेत लिहू नकोस."

जव्हारला चहासाठी थांबलो तेव्हा तिने माझ्या मोबाइलमध्ये संस्थेचं अ‍ॅप टाकलं. फोटो काढायचा, नाव टाकायचं, पाठवायचं. पाठवलं की लगेच संस्थेच्या नकाशावर ठिपका. माझा डेटा पॅक मी जपून वापरतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिने अ‍ॅपमध्ये "वायफाय मिळेल तेव्हाच पाठव" अशी सोय करून दिली. मी हॉटेलच्या मांजरीचा फोटो काढला. अ‍ॅपने बाजूला घड्याळाचं चिन्ह दाखवलं आणि ते वाट बघत बसलं. सईने तो फोटो पुसून टाकला.

कासा, चारोटी ओलांडून रानशेतच्या झाडीतून खाली उतरलो आणि हवा खारट झाली. मुक्काम नरपडला होता. हरेशभाई नावाच्या बागायतदारांची चिकूची वाडी, वाडीत चार खोल्या बांधलेल्या, आणि फाटकावर "निसर्ग अनुभव" अशी पाटी. गडी लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीने चिकू उतरवत होते आणि हरेशभाई त्यांच्यावर आणि आमच्यावर एकाच वेळी देखरेख करत होते. जेवायला ताजे बोंबील, तांदळाची भाकरी आणि उकडहंडी (वाल, कंद, शेंगा मडक्यात शिजवून करतात ती भाजी) होती. ते जेवण इतकं चांगलं होतं की त्यानंतर हरेशभाई जे बोलले ते मी ऐकून घेतलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सईच्या नकाशात तलासरीकडे लाल रंग आहे, नरपड मात्र पांढरं. लाल जागी पाहुणे येतात. तेव्हा तो रंग जरा समुद्राकडे सरकवता आला तर बरं.

"ताई, जास्त नको, गुलाबी चालेल," ते म्हणाले. "आमची वाडी पण झाडीच ना. चिकू काय झाड नाय?"

सईने सांगितलं, रंग ती भरत नाही, संगणक भरतो.

"बराबर. पण संगणकाला पण कोणीतरी सांगतच असेल ना." एवढं बोलून त्यांनी आमच्यापुढे चिकूची टोपली सरकवली. त्यांच्या ओळखीतल्या दुसऱ्या एका साहेबांनी पूर्वी एका नकाशातली कुठली तरी रेघ अशीच सरकवून दिली होती म्हणे. नकाशांबद्दल त्यांची समज आमच्या दोघांपेक्षा व्यवहारी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलासरी तालुक्यात गेलो. हमरस्त्याच्या कडेला उंबाडियुंची दुकानं मांडली होती. (हे गुजरातकडचं हिवाळी खाणं: पाल्यात गुंडाळलेली वालपापडी, रताळी, कंद मडक्यात घालून मडकं उपडं करून भाजतात.) त्यातलं एक मडकं मांडीवर घेऊन, बोटं भाजून घेत, मी नकाशात बघून रस्ता सांगत होतो. सगळ्यांत गडद लाल ठिपक्याकडे आम्हाला जायचं होतं. तिथं नोंदी इतक्या दाट होत्या की संचालकांनी त्या जागेला "जैवविविधतेचं गर्भगृह" असं नाव देऊन टाकलं होतं. तिथं पक्षीनिरीक्षणाचा मनोरा बांधायचा, असंही ठरलं होतं. सईने ती जागा पूर्वी पाहिली नव्हती. नोंदी पाठवणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांना अ‍ॅप शिकवायला ती तलासरीच्या एका सभागृहात आली होती, तिथं रेंज भरपूर होती. बाकी सगळं तिने संस्थेच्या गार खोलीत बसून केलं. या शास्त्रात ते चालतं.

गाडी उभी केली आणि वर पाहिलं. समोर एक बोडकी टेकडी होती.

बोडकी म्हणजे अगदी बोडकी. वाळलेलं गवत, काळे दगड, आणि माथ्यावर मोबाइलचा टॉवर. झाड नावाला नव्हतं. चढताना कुसळं माझ्या मोज्यांत अशी घुसली की पुढे ते मोजे मला टाकूनच द्यावे लागले. "हे गर्भगृह?" मी विचारलं. वाटेत एक चिमणीसुद्धा भेटली नाही.

माथ्यावर मात्र जत्रा होती. ऊन कलत होतं आणि आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं वर येत होती. कुणी मुंबईत कामाला असलेल्या मुलाशी बोलत होतं, कुणी रेशनच्या दुकानाचा मेसेज आला का बघत होतं. खाली पाड्यांवर रेंज नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत जो तो इथं येतो. त्याला ते "रेंजला जाणं" म्हणतात, जसं बाजाराला जाणं. बाजार म्हटला की खाणंही आलं, म्हणून टॉवरच्या कुंपणाला टेकून भजी-चहाचा गाडा लागलेला. गाडा जानकीताईंचा होता. उंच, काळ्यासावळ्या, पन्नाशीच्या. खाली त्यांची भाताची आणि वालाची थोडी शेती आहे. संस्थेच्या स्वयंसेवकांच्या त्या प्रमुखही होत्या, आणि एकूण टेकडीवर त्यांचाच शब्द चालत होता.

"सई बाय," त्या म्हणाल्या (बाय म्हणजे इकडे बाई, ताई), "एवढ्या लांबून आली तं आधी खा. पक्षी कुठं पळून नाय जात."

आम्ही भजी खात असताना शेजारच्या एका बाईने पिशवीतून मोबाइल काढला. सकाळी ओहोळात तिने खेकड्याचा फोटो काढला होता. आता तिने तो पाठवला. सईच्या लॅपटॉपवर टुण् झालं आणि नवा ठिपका उमटला. ठिपका आमच्या पायाखाली होता. खेकडा बोडक्या टेकडीच्या माथ्यावर, टॉवरशेजारी.

सईच्या हातातलं भजं तसंच राहिलं.

मला समजायला थोडा वेळ लागला, म्हणून वाचकांसाठी सांगतो. अ‍ॅप बनवणाऱ्या हुशार माणसाने असं धरून चाललं होतं की फोटो काढला त्याच क्षणी माणूस तो पाठवणार. म्हणून ठिकाण नोंदायचं ते पाठवतानाचं. फोटो काढणारा जिथं राहतो तिथं रेंजच नसेल, ही कल्पनाच त्याने केली नव्हती. इकडे पाड्यांवरचे मोर, साप, खेकडे, फुलपाखरं, ओढ्यातले मासे आणि रानपिंगळा हे सगळे संध्याकाळी माणसांच्या खिशात बसून टेकडीवर चढत आणि तिथंच कायमचे राहत. संगणकाने बिचाऱ्याने ते प्रामाणिकपणे शिकून घेतलं होतं: रानपिंगळ्याला झाडं आवडत नाहीत, काळे दगड आवडतात आणि टॉवर फार आवडतो. मग त्याने तालुक्यातल्या सगळ्या बोडक्या टेकड्या लाल केल्या. हमरस्त्यावरच्या पुलाचा एक भरावसुद्धा.

सई खचेल असं मला वाटलं, पण ती तरतरीत झाली. चूक कळली म्हणजे ती सुधारता येते. प्रत्येकाला विचारून ठिपके खऱ्या जागी हलवू, आठवडाभराचं काम, असं ती म्हणू लागली. जानकीताईंनी कढईखालची आच कमी केली.

"खेकडे ने," त्या म्हणाल्या. "मोर ने, साप ने. ज्याचं त्याचं घर त्याला दे. पिंगळा तेवढा हितंच राहू दे."

"ताई, पण इथं झाड कुठे आहे? तो बसेल कुठे?"

"टावरवर बसंल. इतके दिस बसलाच होता ना तुमच्या नकाशात? कोणी काय बोललं नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रानपिंगळा त्यांच्याच बांधावरच्या जुन्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीत घर करतो. मागच्या हिवाळ्यात कुण्या पाहुण्याने त्याचा फोटो नेमक्या जागेसकट कुठल्या तरी खुल्या साइटवर टाकला. त्याच आठवड्यात गाड्या आल्या. मोठ्या नळ्यांचे कॅमेरे, पानांच्या रंगाचे कपडे. पक्षी बाहेर यावा म्हणून दिवसभर मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवत. वालाचं शेत फुलावर होतं ते तुडवून सपाट केलं. फोटोत फांदी मध्ये येत होती म्हणून एकाने ती कोयत्याने उतरवली. कोयता मागायला तो जानकीताईंच्याच घरी गेला होता. पिंगळ्याची जोडी ढोल सोडून गेली. यंदा ती पुन्हा आली होती.

अ‍ॅपची गंमत जानकीताईंना त्यानंतर कळली होती. संस्थेतल्या कुणाकडून तरी ठिपका कळून दोन कॅमेरेवाले टेकडीवर आले, टॉवरभोवती दिवसभर फिरले, भजी खाल्ली आणि गेले. "चूक म्या नाय केली," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनने केली. म्या फक्त गाडा लावला."

मला हसू आलं, सईला नाही. नोंद लपवायची सोय तिने फार आधीच संचालकांकडे मागितली होती. दुर्मीळ पक्ष्यांच्या बाबतीत बाहेर बरेच जण तसंच करतात, नेमकं ठिकाण न देता नुसता तालुका सांगतात. संचालकांनी ते नाकारलं होतं. खुलेपणात अपवाद केला की खुलेपणा राहत नाही, असं त्यांचं उत्तर होतं. आता ठिपका खऱ्या जागी हलवला तर परवा दुपारी ते झाड जगाला खुलं होणार. नाही हलवला तर सईचा नकाशा खोटा, हे माहीत असून ती त्याच्यावर आपलं नाव घालणार.

दुसऱ्या सकाळी जानकीताईंनी आम्हाला झाड दाखवलं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, सईने काय ठरवायचं आहे ते तिने नीट पाहून ठरवावं, एवढ्यासाठी. वालाच्या दोन ओळींमधून एकामागे एक चालायचं, बांधाअलीकडे थांबायचं, आणि बोलायचं नाही. ऐनाच्या बुंध्यावर उतरवलेल्या फांदीचा गोल, फिका व्रण होता. वरच्या फांदीवर तो बसला होता. रुंद डोकं, जाडजूड पाय, आणि वाढवलेली सभा अजून संपत नाही अशा माणसाचा चेहरा. त्याने आमच्याकडे पाहिलं, शेपटी इकडून तिकडे हलवली, आणि आम्ही काही महत्त्वाचे नाही असं ठरवून दुसरीकडे पाहिलं.

"काढा फोटो," जानकीताई कुजबुजल्या. "हितून काय जात नाय कुठं."

मी काढला. हात हलला, त्यामुळे फोटोत ऐनाची साल उत्तम आली आणि पक्षी तपकिरी धुरासारखा. तरी अ‍ॅपमध्ये मी नाव टाकलं, रानपिंगळा, आणि पाठवायचं बटण दाबलं. घड्याळाचं चिन्ह आलं. मी मोबाइल खिशात ठेवला.

सभेच्या दिवशी सकाळी सई आणि मी चिखल्याच्या किनाऱ्यावर चाललो. ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की समुद्र कुणीतरी उचलून नेल्यासारखा वाटत होता. सई बराच वेळ ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं बघत होती. मग तिने सांगितलं की बाकी सगळ्यांच्या जागा ती दुरुस्त करणार आहे आणि रानपिंगळ्याचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकणार आहे. ज्या पक्ष्यासाठी तिने हा विषय घेतला तोच. प्रबंध लांबणार, गाइड चिडणार, शिष्यवृत्तीचं काय ते देव जाणे. मी तिला काही सल्ला दिला नाही. सल्ला देण्याइतका मी त्या विषयात तज्ज्ञ नव्हतो, आणि तज्ज्ञ मी नुकतेच पाहिले होते.

सभा रीतीप्रमाणे उशिरा सुरू झाली. दीप लावला, तो पंख्याने विझला, पंखा बंद करून पुन्हा लावला, आणि पुढचे दोन तास सगळे घामाघूम होऊन निसर्गाविषयी बोलले. पाहुण्यांना शाली, त्यावर चिकूच्या टोपल्या. संचालक म्हणाले की माहिती वाहती हवी. मला तहान लागली होती. पाण्याच्या बाटल्या फक्त व्यासपीठावर होत्या. माझ्या पुस्तिकेच्या गठ्ठ्यावर चहाचे कप ठेवलेले होते, तेव्हा तिचा उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही.

मग त्यांनी सईला पुढे बोलावलं. तिने मोरांविषयी, सापांविषयी सांगितलं, नोंदी कशा तपासाव्या लागणार आहेत ते सांगितलं, आणि ती थांबली.

"आणि आपला रानपिंगळा?" संचालकांनी माइक ओढून विचारलं.

"सर, त्याच्या जागेची खात्री देता येईल अशी एकही नोंद माझ्याकडे नाही."

तिच्या वाक्यात खोटं काही नव्हतं. मी शोधून पाहिलं.

"तरुण शास्त्रज्ञ फार सावध असतात," संचालक हसून म्हणाले. "आपण थोडे धीट होऊ." त्यांनी दोरी ओढली. पडद्याआडून फ्लेक्सचा प्रचंड नकाशा बाहेर आला, आणि त्याच्या मध्यभागी आमची बोडकी टेकडी कुंकवासारखी लाल. फ्लेक्स आधीच छापून झाला होता. विज्ञानात दुरुस्ती होते, फ्लेक्समध्ये होत नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या पहिल्या रांगेतून आल्या, त्या जानकीताईंच्या. हरेशभाई मागाहून फ्लेक्सपुढे उभे राहिले आणि नरपडच्या पांढऱ्या जागेवर तळहात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. फोटोत वाडी झाकली गेली, लाल रंग मात्र त्यांच्या खांद्यापर्यंत आलेला दिसत होता.

निरोप घ्यायला जानकीताई गाडीपाशी आल्या आणि वालाच्या शेंगांची पिशवी सईच्या मांडीवर ठेवली. मनोरा बांधायला माणसं लागतील, माणसांना भजी लागतील, असा त्यांचा पुढचा विचार पक्का होता. घाट लागला तशी सई शेंगा सोलायला लागली.

नाशिकला पोचलो, घरात शिरलो, आंघोळ केली, आणि मी हा प्रवास विसरायच्या बेतात होतो. चार-पाच दिवसांनी वॉचमनचा इंटरकॉमवर फोन आला: खाली कॅमेरेवाले दोघे जण आलेत, घुबड मागतायत.

मी मोबाइल उघडला. घड्याळाचं चिन्ह गेलं होतं. मी दारात पाऊल टाकलं त्याच वेळी घरच्या वायफायवरून माझा तपकिरी धूर जगाला वाटला गेला होता, आणि ठिपका गंगापूर रोडवर, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडला होता. सईला फोन केला तर ती हसून हसून बोलू शकेना. ऑफिसातल्या कुणी तरी नव्या नोंदीसकट संगणक पुन्हा चालवला होता आणि आता अर्धं नाशिक गुलाबी झालं होतं. संचालक त्याला शहरी जीवनाशी जुळवून घेणं म्हणत होते.

मी खाली गेलो. दोघांनी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या शेवंतीच्या वाफ्यात कॅमेऱ्याची तिवई रोवली होती आणि मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज वाजत होता. अ‍ॅपमध्ये नोंद पुसायची सोय असेल म्हणून मी पाहिलं. पाठवण्याआधी ती होती. पाठवल्यानंतर फक्त "ठिकाण दुरुस्त करा". ते दाबलं की नकाशा उघडतो आणि खऱ्या जागेवर बोट ठेवायला सांगतो. माझं बोट तलासरीपर्यंत गेलं. टेकडी दिसली, तिच्या खालचा ओहोळ दिसला, बांधही ओळखता आला. मी नकाशा मिटला.

"तो दुपारी पलीकडे जातो," मी त्या दोघांना म्हणालो. "पाण्याच्या टाकीकडे." आणि सेक्रेटरींनी बघायच्या आत शेवंती सरळ करायला बसलो.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे वारा होता आणि कढईत काहीतरी चुरचुरत होतं. जानकीताई रेंजला आल्या होत्या.

"मामा, सई बाय सांगत होती, आमचा पिंगळा तुमच्याकडं आला म्हणून."

मी म्हटलं, आलाय खरा.

"आला तं राहू द्या," त्या म्हणाल्या. "आणि फांदीबिंदी कोणाला तोडू नका देऊ."